गाडीच्या छताला पोट का सुटतं? कमी खर्चात छताचं कापड पुन्हा नीट कसं बसवायचं?

आठ-दहा वर्षं जुन्या गाडीत मागच्या सीटवर बसलं की कधी कधी डोक्याला काहीतरी मऊ लागतं. वर बघितलं तर छताचं कापड सुटून खाली आलेलं असतं. आधी मागच्या काचेजवळ छोटासा फुगा दिसतो, मग त्याचा झोळ होतो. काही महिन्यांत आरशातून मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी कापडच दिसायला लागतं.

बहुतेक जण पहिल्यांदा टाचण्या लावतात. मग कुणीतरी फेव्हिकॉल सुचवतं. दोन्ही उपाय काही दिवस टिकतात आणि झोळ परत येतो. असं का होतं, छतात नेमकं काय बिघडतं आणि खिसा फार हलका न करता ते कसं दुरुस्त करायचं, ते समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

- छताचं कापड सहसा खराब होत नाही. कापडाच्या मागचा पातळ फोम कुजून त्याची भुकटी होते.
- भुकटीवर कोणताही गोंद टिकत नाही. त्यामुळे जुना फोम पूर्ण खरवडून काढल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे वाया गेलेले पैसे.
- सगळ्यात स्वस्त टिकाऊ मार्ग असा: छताचा मूळ साचा तोच ठेवायचा, फक्त नवं फोमवालं कापड लावायचं.
- छतातून पाणी गळत असेल तर आधी गळती बंद करायची, कापडाचं नंतर बघायचं.

छतात असतं तरी काय?

गाडीचं छत बाहेरून पत्र्याचं असतं. आतून जे दिसतं त्याला हेडलायनर म्हणतात. मराठीत छताचं अस्तर म्हणू. आजच्या बहुतेक गाड्यांत या अस्तराचे तीन थर असतात.

पहिला थर म्हणजे साचा. काचतंतू, ताग किंवा तत्सम तंतू दाबून केलेला हा हलका, कडक पुठ्ठ्यासारखा तुकडा छताच्या आकारात घडवलेला असतो. दुसरा थर काही मिलिमीटर जाडीच्या पॉलियुरेथेन फोमचा. तिसरा म्हणजे आपल्याला दिसणारं कापड, जे बहुतेक वेळा विणलेल्या पॉलिस्टरचं असतं. फोम आणि कापड कारखान्यातच एकमेकांना जोडून येतात आणि मग ते साच्यावर चिकटवले जातात.

म्हणजे कापड थेट साच्याला चिकटलेलं नसतं. त्याला धरून ठेवणारा मधला दुवा फोम असतो. तो तुटला की कापड धडधाकट असूनही खाली येतं.

मग फोम का तुटतो?

पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लावला. आज गादी, सोफा, गाडीची सीट, बुटाचा सोल अशा सगळीकडे ते असतं. त्याचे दोन मोठे शत्रू म्हणजे उष्णता आणि दमट हवा. हवेतल्या पाण्याच्या वाफेमुळे फोममधल्या लांब रासायनिक साखळ्या हळूहळू तुटतात. उष्णतेने हा वेग वाढतो. हवेतला प्राणवायूही हातभार लावतो.

याचा अनुभव मुंबईकरांनी घरातच घेतलेला असतो. लग्नात घालायला म्हणून जपून ठेवलेले बूट दोन पावसाळ्यांनी कपाटातून काढावेत आणि चार पावलं चालताच सोलचे तुकडे पडावेत. बूट वापरलेले नसतात, तरी सोल गेलेला असतो. गाडीच्या छतात हेच घडतं.

खात्री करायची असेल तर सुटलेल्या कापडाच्या मागे बोट घालून बघा. बोटाला तपकिरी किंवा पिवळसर भुकटी, चिकट कण लागले तर फोम संपलाय. खांद्यावर किंवा सीटवर तशी धूळ पडत असेल तर तीही त्याचीच.

शिवाजी पार्कच्या गाड्यांना याचा त्रास जास्त का?

दादरच्या या भागात बऱ्याच जुन्या इमारती गाड्यांचा सुळसुळाट होण्याआधीच्या आहेत. अनेकांची गाडी कायम रस्त्यावरच उभी असते. पश्चिमेला हाकेच्या अंतरावर समुद्र. वर्षभर हवा दमट आणि पावसाच्या चार महिन्यांत तर विचारूच नका.

त्यात ऊन. बाहेर ३५ अंश तापमान असेल तर उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तासाभरात ५० अंशांच्या पुढे जातं. पत्रा त्याहून जास्त तापतो आणि अस्तर बरोबर त्या पत्र्याच्या खाली असतं. म्हणजे फोमला एकाच वेळी भट्टी आणि वाफ दोन्ही.

तिसरं कारण म्हणजे उभी गाडी. लोकल आणि बस हाताशी असल्यामुळे इथल्या कित्येक गाड्या फक्त रविवारी निघतात. पावसात ओल्या छत्र्या, ओले पाय घेऊन बसलो, गाडी लावली आणि काचा बंद केल्या की ते पाणी आठवडाभर आतच मुरतं. त्यामुळे कमी चाललेल्या गाडीचं इंजिन नव्यासारखं आणि छत मात्र म्हातारं, असा प्रकार दिसतो.

आधी हे तपासा: वय झालंय की पाणी शिरतंय?

कापडावर चहाच्या डागासारखी तपकिरी कडा असलेली वर्तुळं दिसत असतील, पावसानंतर आत कुबट वास येत असेल किंवा झोळ फक्त एका कोपऱ्यात असेल, तर गळतीचा संशय घ्या.

पाणी शिरण्याच्या नेहमीच्या जागा अशा: छतावरच्या अँटेनाचं रबर, दरवाज्यांचं बीडिंग, पुढच्या-मागच्या काचेची कडा, छतावर सामानाचा कॅरियर बसवताना पाडलेली भोकं. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतून पाणी बाहेर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीच्या झाडांखाली गाडी लावली की पानं, फुलं, काड्या सनरूफच्या खाचेत साचतात. नळी तुंबली की पाणी बाहेर जायच्या ऐवजी अस्तरात उतरतं.

तपासणी सोपी आहे. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून छतावर मगाने हळूहळू पाणी ओतायचं. आधी एक बाजू, मग दुसरी. आतल्याने टॉर्च घेऊन कडा बघायच्या. पाणी कुठून येतंय ते सापडलं तर ते आधी बंद करा. नाहीतर नवं कापडही एका पावसाळ्यात डागाळेल.

दुरुस्तीचे चार मार्ग

१. टाचण्या आणि पिना. स्प्रिंगसारख्या वळणाच्या पिना मिळतात, त्या कापडातून साच्यात पिळून बसवतात. खर्च नगण्य. वर्षभरात गाडी विकायची असेल किंवा पावसाळा संपेपर्यंत वेळ काढायचा असेल तर ठीक. पण फोमची भुकटी होत राहते, त्यामुळे दोन पिनांच्या मध्ये पुन्हा फुगे येतात. साध्या टाचण्या तर धक्क्याने सुटून सीटवर पडतात. लहान मुलं बसत असतील तर त्या अजिबात नकोत.

२. वरच्यावर गोंद लावणं. हा मार्ग सगळ्यात मोहात पाडणारा आणि बहुतेक वेळा फसणारा. सुईने किंवा फवाऱ्याने कापडामागे गोंद सोडला तर तो भुकटीला चिकटतो, साच्याला नाही. वर तो कापडातून पाझरून डाग पडतात. फक्त कडेचं दोन-चार बोटं कापड सुटलं असेल आणि मागचा फोम अजून लवचिक असेल, तरच हा उपाय चालतो.

३. साचा तोच, कापड नवं. साचा खाली उतरवायचा, जुनं कापड आणि फोम काढायचा, नवं फोमवालं कापड चिकटवून परत बसवायचं. खर्च आणि टिकाऊपणा यांचा सगळ्यात चांगला मेळ इथे बसतो. पुढची सगळी माहिती याच मार्गाची आहे.

४. अख्खं अस्तर बदलणं. कंपनीचं नवं अस्तर मागवणं हा सगळ्यात महाग पर्याय. साचाच मोडला किंवा पुराच्या पाण्याने लगदा झाला, तर त्याला इलाज नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, तिथे वापरलेलं अस्तरही मिळू शकतं. पण ते तुमच्याच गाडीच्या वयाचं असेल तर त्याचा फोमही त्याच वाटेवर असतो. घेण्याआधी तळहाताने दाबून, हलकं चोळून बघा. कापड सरकल्यासारखं वाटलं तर घेऊ नका. साचा मात्र शाबूत असेल तर तुमच्या मोडक्या साच्याला तो पर्याय होऊ शकतो.

सामान काय लागतं?

*कापड:* दुकानात ‘रूफ लायनिंग’ किंवा ‘गाडीच्या छताचं फोमवालं कापड’ असं मागा. गिरगावात ऑपेरा हाउसच्या आसपास गाड्यांच्या सुट्या भागांचा आणि अ‍ॅक्सेसरीजचा जुना बाजार आहे, तिथून चौकशी सुरू करता येते. पन्हा दीड मीटरच्या आसपास असेल तर छोट्या हॅचबॅकला साधारण २ मीटर, सेडानला अडीच मीटर आणि तीन रांगांच्या गाडीला ३ ते साडेतीन मीटर लागतं. घेण्याआधी छताची लांबी-रुंदी मोजा आणि चारही बाजूंना वळवायला निदान ७-८ सेंटीमीटर जास्त धरा.

हिंदमाताला कापड स्वस्त मिळतं, मग तेच का नको? दोन कारणं. फोम नसलेल्या कापडातून साच्याचा प्रत्येक उंचवटा दिसतो. आणि गाडीच्या आतलं कापड किती वेगाने पेट घेतं यासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. पडद्याचं किंवा ड्रेसचं कापड त्या कसोटीसाठी बनवलेलं नसतं. डोक्यावर दोन वितींवर जे कापड असणार आहे, त्यात ही काटकसर नको.

*गोंद:* लाकडाला लावायचा पांढरा फेव्हिकॉल इथे चालत नाही, तो उन्हात मऊ पडतो. लागतो तो रेक्झीन-फोमसाठीचा सिंथेटिक रबराचा गोंद, ज्याला बाजारात सर्रास ‘सोल्यूशन’ म्हणतात. घेताना ‘उष्णता सहन करणारा’ आहे ना ते विचारा आणि डब्यावरही वाचा. फवारा मारायचा गोंद वापरायला सोपा, पण सहसा महाग पडतो.

*बाकी:* नायलॉनचा कडक ब्रश, पातळ धारदार पातं, रंगाचा ब्रश किंवा रोलर, मास्क, हातमोजे. साच्यातले काचतंतू त्वचेला खाज आणतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

स्वतः करायचं तर पायऱ्या कोणत्या?

१. दिवस निवडा. पावसाळ्यात हे काम नको. दमट हवेत गोंद वाळताना त्याच्या पृष्ठभागावर ओल धरते, पांढुरकी झाक येते आणि पकड कमजोर होते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

२. जागा निवडा. उतरवलेला साचा एका पलंगाएवढी जागा मागतो. सोसायटीची परवानगी घेऊन गच्ची किंवा कंपाउंड वापरा. मैदानाच्या कडेला, रस्त्यावर गोंदाचं काम करू नका. शिवाजी पार्कातल्या लाल मातीच्या धुळीबद्दल रहिवासी गेली काही वर्षं तक्रारी करत आहेत आणि ओल्या गोंदावर बसलेली धूळ म्हणजे पुन्हा भुकटीवर गोंद.

३. सुटे भाग काढा. बॅटरीची ऋण तार आधी सोडवा. मग सनवायझर, छताचा दिवा, धरायची हँडलं, खांबांवरची प्लास्टिकची आवरणं. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत नाव लिहून ठेवा. क्लिपा जुन्या झाल्या की कडक होऊन तुटतात, म्हणून ओढाओढ नको.

४. साचा बाहेर काढा. पुढच्या सीटा पूर्ण मागे पाडा आणि दोघांनी धरून साचा सावकाश डिकीच्या दाराने बाहेर घ्या. सेडानमध्ये तो बहुधा पुढच्या दाराने काढावा लागतो. सगळ्यात जास्त साचे इथेच मोडतात. एकदा घडी पडली की ती नव्या कापडातूनही दिसते.

५. खरवडा. जुनं कापड हाताने सोलून निघतं, फोम मात्र साच्यावर राहतो. कोरड्या नायलॉन ब्रशने तो पूर्ण काढा. पाणी लावू नका, साचा फुगेल. हे कंटाळवाणं काम दोन तासही घेईल. तळहात फिरवल्यावर हाताला काहीही लागत नाही, तेव्हाच थांबा. दुरुस्ती सहा महिने टिकणार की काही वर्षं, हे या एका पायरीवर ठरतं.

६. कापड मांडून बघा. कोरडंच पसरा, मध्यभाग जुळवा, मग अर्धं कापड दुमडा. उघड्या अर्ध्या साच्यावर आणि दुमडलेल्या कापडाच्या फोमवर, दोन्हीकडे गोंदाचा पातळ, सारखा थर द्या. डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. बोट लावल्यावर गोंद बोटाला येत नाही, पण पकडल्यासारखं वाटतं, ही योग्य वेळ.

७. मधून बाहेर दाबा. तळहाताने मध्यापासून कडेकडे जा. दिव्याच्या, सनवायझरच्या जागी खळगे असतात, तिथे कापड आधी खोलात दाबा, मग पुढे सरका. खळग्यावरून कापड ताणून नेलं तर काही दिवसांत ते तिथूनच उचलतं. मग दुसरा अर्धा भाग.

८. कडा वळवा, भोकं शेवटी. जादा कापड मागे वळवून चिकटवा. भोकांच्या जागी फुलीच्या आकारात काप देऊन टोकं मागे वळवा. निदान एक दिवस वाळू द्या, मग बसवा.

सगळं काम उघड्या हवेत करा. या गोंदाची वाफ डोक्यात जाते आणि ती पेटही घेते. जवळ सिगारेट, उदबत्ती काही नको. बंद गाडीत बसून गोंद लावणं तर अजिबात नको.

एअरबॅग असेल तर थांबा

खिडकीच्या वरच्या भागात, खांबांवरच्या आवरणावर ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरं असतील तर तुमच्या गाडीत पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग आहेत. त्या अस्तराच्या कडेमागेच घडी करून ठेवलेल्या असतात. अपघातात अस्तराची कड बाजूला होऊन एअरबॅग खाली यावी, अशी ती रचना असते.

अशा गाडीत कडेला पिना टोचणं, कड पत्र्याला चिकटवणं किंवा जाड कापडाने फट बुजवणं धोक्याचं आहे. अस्तर उतरवण्याचं काम एअरबॅगची माहिती असलेल्या वर्कशॉपमध्येच करा. इथे वाचवलेले पैसे फार महागात पडू शकतात.

कारागिराकडे द्यायचं तर काय विचारायचं?

मुंबईत हे काम सीट कव्हरवाले करतात. या शहराला गाडीच्या छताचं कौतुक तसं जुनंच. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत छताला छापील, रंगीबेरंगी रेक्झीन लावायची पद्धत होती. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात तर तरुण डिझायनरांनी टॅक्सीच्या सीटा आणि छतं कॅनव्हाससारखी वापरली. शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण रेक्झीन ताणून बसवणारे हात शहरात आहेत.

फक्त एक फरक लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत छताचं कापड शिवून, तारांच्या कमानींवर ताणून बसवायचे. तिथे फोमचा प्रश्नच नव्हता. आजचं अस्तर चिकटवलेलं असतं, म्हणून शिवणकामाएवढंच खरवडण्याचं काम महत्त्वाचं. भाव ठरवण्याआधी हे पाच प्रश्न विचारा:

- साचा खाली उतरवणार की गाडीतच वरून कापड मारणार? (वरून मारणार असतील तर नमस्कार करून निघा.)
- जुना फोम पूर्ण काढणार का? चिकटवण्याआधी मला बघता येईल का?
- कापड फोमवालं आहे का? नमुना दाखवा.
- कापड, गोंद, मजुरी यांचा वेगवेगळा भाव काय?
- क्लिप किंवा साचा तुटला तर भरपाई कोणाची?

कापड स्वतः आणून फक्त मजुरी ठरवली तर दोन-तीन ठिकाणचे भाव सरळ तुलनेत येतात. खांबांवरची आवरणं आणि सनवायझर जुन्या रंगाचीच ठेवलीत तर आणखी बचत होते. त्यासाठी कापडाचा रंग शक्य तितका मूळ रंगाजवळचा घ्या.

जुन्या गाडीवर हा खर्च करावा का?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती ५-५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. गाडी बारा वर्षांची असेल आणि पुढेही ठेवायची असेल, तर साचा तोच ठेवून कापड बदलणं परवडतं. पण चौदाव्या वर्षी विकायचीच ठरली असेल तर पिना आणि आरसा मोकळा ठेवण्यापुरती डागडुजी पुरे. लोंबणारं छत बघून घेणारा भाव पाडतो हे खरं, पण नव्या छताचा पूर्ण खर्च सहसा किमतीत वसूल होत नाही.

लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

*विम्यात हे बसतं का?* नाही. वापराने होणारी झीज मोटार विम्यात धरत नाहीत. गाडी पुराच्या पाण्यात बुडून छत खराब झालं असेल आणि सर्वसमावेशक पॉलिसी असेल, तर दावा करता येतो. त्यासाठी दुरुस्तीआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

*छताचं कापड धुता येतं का?* भिजवू नका. किंचित ओलसर मऊ फडक्याने, न घासता, टिपून घ्या. फोमवाली वॉशिंग करून घेताना छतावर यंत्राने पाणी मारू देऊ नका.

*नवं कापड जास्त टिकावं म्हणून काय करायचं?* पुढच्या काचेला सनशेड लावा. पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि पायपुसणी गाडीत ठेवू नका. कोरडं ऊन पडलं की आठवड्यातून एकदा चारही दारं अर्धा तास उघडी ठेवा. सनरूफच्या आणि काचेखालच्या खाचेतली पानं मेच्या शेवटी साफ करा, पहिल्या पावसाच्या आधी.